अवधानन्यूनता विकार आणि मेंदूतील विद्युत् क्रिया

वयाला साजेसे लक्ष एखाद्या कामावर टिकविता न येणे, शरीराची सतत चुळबूळ चालू असणे आणि मागचापुढचा विचार न करता कृती करून बसणे, ही लक्षणे बालपणापासून आढळत असतील, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसत असतील आणि त्यांमुळे मुलाच्या शिक्षणात वा इतरांशी असलेल्या संबंधांत बाधा येत असेल, तर त्या लक्षणसमुच्चयास अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणतात. शालेय वयाच्या मुलांत जगभर त्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के मानले जाते. मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक आढळतो. या विकाराचे निदान सर्वस्वी वर्तनाच्या निरीक्षणावर अवलंबून असते. रक्ताची, लघवीची किंवा क्ष-किरणांची कोणतीही तपासणी तो दाखवीत नाही. त्यामुळे डोळ्यांना दिसेल व मोजता येईल अशी एखादी खूण मेंदूतच सापडावी, ही वैद्यांची इच्छा जुनी आहे. त्या शोधात विद्युत् मस्तिष्कालेखनाचा म्हणजे मेंदूतील विद्युत् दाबाच्या चढउतारांची नोंद करण्याच्या पद्धतीचा वाटा सर्वांत मोठा असून त्याचा इतिहास येथे दिला आहे.

मेंदूत विद्युत् प्रवाह असतात हे लिव्हरपूल येथील वैद्य रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्रथम दाखविले. ससे व माकडे यांच्या उघड्या केलेल्या मेंदूवर विद्युत् अग्रे ठेवून गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने त्यांनी ही निरीक्षणे केली होती. १८९० मध्ये पोलंडमधील क्रेको येथे आडोल्फ बेक यांनी स्वतंत्रपणे असेच प्रयोग केले. मनुष्याच्या कवटीला छेद न देता बाहेरून असा आलेख मिळविण्याचे श्रेय मात्र येना येथील मानसचिकित्सक हान्स बेर्गर यांच्याकडे जाते. त्यांनी १९२४ मध्ये पहिला आलेख घेतला व पाच वर्षे खात्री करून घेतल्यानंतर १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचे अनेक आलेख त्यांचा मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरून घेतलेले आहेत. येना विद्यापीठातील सहकाऱ्यांनी या कामाची फारशी दखल घेतली नाही. केंब्रिज येथील एड्रियन व मॅथ्यूझ यांनी १९३४ मध्ये त्याला दुजोरा दिल्यानंतरच जगाचे लक्ष तिकडे गेले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बेर्गर यांचे एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला असता डोक्याच्या मागील भागात सेकंदास सुमारे १० वेळा येणारे नियमित तरंग दिसतात. त्यांना बेर्गर यांनी आल्फा तरंग हे नाव दिले. डोळे उघडताच किंवा मनातल्या मनात एखादे गणित सोडवू लागताच हे तरंग दबतात आणि त्यांच्या जागी लहान व जलद असे बीटा तरंग येतात. म्हणजे अवधान आणि मेंदूची विद्युत् क्रिया यांचा संबंध या शास्त्राच्या जन्मापासूनच जोडला गेला होता. पुढे ग्रे वॉल्टर यांनी सेकंदास ४ पेक्षा कमी कंप्रतेच्या तरंगांना डेल्टा, आणि ४ ते ८ या टप्प्यातील तरंगांना थीटा ही नावे रूढ केली. कवटीबाहेर मिळणारा हा विद्युत् दाब व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकाच असतो. पापणीची उघडझाप, जबड्याचे स्नायू, मानेची हालचाल यांपासून निर्माण होणारा दाब त्याच्या कितीतरी पट असू शकतो. ज्या मुलाचे मुख्य लक्षणच स्वस्थ न बसणे हे आहे, त्याचा आलेख घेताना ही अडचण किती मोठी असेल याची कल्पना करता येईल.

दुसरी अडचण वयाची आहे. नवजात बालकाच्या आलेखात प्रौढाचा आल्फा ताल नसतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मागील भागातील मुख्य ताल सेकंदास सुमारे ६ असतो, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तो ८ होतो आणि दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत १० च्या आसपास स्थिरावतो. चार वर्षांच्या मुलात जे मंद तरंग अगदी स्वाभाविक, तेच दहा वर्षांच्या मुलात शंकास्पद ठरतात. त्यातही एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांचे आलेख एकमेकांपासून बरेच भिन्न असू शकतात. या क्षेत्रात पुढे झालेल्या बहुतेक चुकांचे मूळ या साध्या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

विकाराची ओळख विद्युत् आलेखापेक्षा जुनी आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्ये मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाच्या दोषांवर एक प्रकरण लिहिले. १९०२ मध्ये लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेपुढे दिलेल्या तीन व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्यांनी या दोषास ‘नैतिक नियंत्रणाचा अभाव’ असे म्हटले असले, तरी तो संस्कारांचा नव्हे, तर शरीराचा दोष असावा असा त्यांचा रोख होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या सुप्तिजनक मस्तिष्कशोथाच्या साथीने या तर्काला बळ दिले. साथीतून वाचलेली कित्येक मुले, जी पूर्वी शांत होती, ती आजारानंतर अनावर झाली. १९३२ मध्ये बर्लिन येथील क्रामर व पोलनो यांनी अशा साथीशी संबंध नसलेल्या मुलांतही अतिचंचलतेचा स्वतंत्र विकार असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचे काम पुढे चालू राहिले नाही. हिटलरच्या राजवटीत दोघांनाही ज्यू म्हणून देश सोडावा लागला आणि पोलनो यांचा १९४३ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत वध झाला.

विकार आणि विद्युत् आलेख यांची पहिली गाठ अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात पडली. तेथील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे जॉर्ज ब्रॅडली नावाच्या उद्योजकाच्या इच्छापत्रानुसार १९३१ मध्ये मुलांसाठी एक रुग्णालय सुरू झाले. त्यांची मुलगी एमा हिला सातव्या वर्षी मस्तिष्कशोथ होऊन ती कायमची अपंग झाली होती आणि तिच्यासारख्या मुलांसाठी त्या काळी कोठेच सोय नव्हती. याच रुग्णालयात तरुण शास्त्रज्ञ हर्बर्ट जॅस्पर यांनी १९३५ च्या सुमारास विद्युत् मस्तिष्कालेखनाची प्रयोगशाळा उभारली. अमेरिकेतील अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक होती. १९३८ मध्ये जॅस्पर, फिलिप सॉलोमन आणि रुग्णालयाचे प्रमुख चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या आलेखांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. बहुसंख्य मुलांच्या आलेखांत, विशेषतः डोक्याच्या पुढील व मधल्या भागांत, वयाच्या मानाने मंद तरंग अधिक आढळले होते. आठ दशकांहून अधिक काळ चाललेल्या वादाचे बीज या एका वाक्यात आहे. मात्र रुग्णालयात दाखल झालेली ही मुले एकजिनसी नव्हती. त्यांत अपस्माराची, मस्तिष्कशोथाच्या परिणामांची आणि केवळ घरच्या परिस्थितीने बिथरलेलीही मुले होती.

याच रुग्णालयात एक दुसरी घटना जवळजवळ अपघाताने घडली. त्या काळी मेंदूची क्ष-किरण प्रतिमा घेण्यासाठी मेरुद्रव काढून त्या जागी हवा भरीत आणि त्यानंतर मुलांना असह्य डोकेदुखी होई. ती कमी व्हावी म्हणून ब्रॅडली यांनी बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले, असे सांगतात. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही, पण वर्गशिक्षकांनी मुलांच्या अभ्यासात पडलेला फरक टिपला. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ३० मुलांपैकी १४ जणांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाल्याची नोंद आहे. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव दिले होते. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे हा त्या वेळी मोठा विरोधाभास वाटला. डॉनल्ड लिंड्झली व चार्ल्स हेन्री यांनी १९४२ मध्ये औषधाचा वर्तनावरील व आलेखावरील परिणाम एकत्र तपासला, तेव्हा बेंझेड्रीनने वर्तन सुधारूनही आलेखात त्या मानाने बदल झालेला नाही असे त्यांना दिसले. लक्षण आणि आलेख हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे नाहीत, याची ही पहिली सूचना होती. तिच्याकडे पुढील पिढीने फारसे लक्ष दिले नाही.

१९४० ते १९६० या काळात अपस्माराच्या निदानात विद्युत् मस्तिष्कालेखाला मिळालेल्या निर्विवाद यशामुळे त्याच्याकडून वाजवीपेक्षा अधिक अपेक्षा केल्या गेल्या. याचे एक उदाहरण बोधप्रद आहे. फ्रेडरिक व एर्ना गिब्ज या दांपत्याने १९५१ मध्ये गुंगीत असलेल्या मुलांच्या आलेखांत सेकंदास १४ व ६ वेळा येणाऱ्या टोकदार धन तरंगांचे वर्णन केले. हा आकृतिबंध दुर्वर्तन, रागाचे झटके, पोटदुखी, इतकेच काय पण हिंसक गुन्हे यांच्याशीही जोडला गेला. काही मुलांना त्या आधारावर अपस्माराची औषधे दिली गेली आणि न्यायालयांतही आलेख पुढे करण्यात आले. १९६६ मध्ये लोंब्रोसो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी किशोरवयीन मुलांचे झोपेतील आलेख घेतले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत तोच आकृतिबंध सापडला. आता तो स्वाभाविक आविष्कारांत गणला जातो. आजारी मुलांत काय आढळते हे पंधरा वर्षे मोजले गेले, पण तितक्या काटेकोरपणे धडधाकट मुलांत काय आढळते हे पाहिले गेले नव्हते.

ब्रॅडली रुग्णालयातील मॉरिस लॉफर, एरिक डेनहॉफ व जेराल्ड सॉलोमन्स यांनी १९५७ मध्ये ‘अतिचंचल आवेग विकार’ अशी संज्ञा सुचविली. त्यांनी योजलेली कसोटी आज अघोरी वाटेल. मेट्राझोल हे झटके आणणारे औषध टोचत असतानाच मुलाच्या डोळ्यांसमोर प्रकाशाची वेगाने उघडझाप करीत आणि आलेखात विशिष्ट टोकदार तरंग येऊन हाताचे स्नायू आचके देईपर्यंत लागलेली औषधाची मात्रा मोजीत. अतिचंचल मुलांना ती कमी लागे आणि ॲम्फेटामीन दिल्यावर ती इतर मुलांइतकी होई. यावरून मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस संवेदनांची पुरेशी चाळण करीत नसावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कल्पना तर्कशुद्ध होती, पण मुलांवर असा प्रयोग करण्याची प्रथा टिकली नाही आणि ती टिकू नये हेच योग्य होते.

या काळात विकाराची नावे भराभर बदलली. ‘अल्प मस्तिष्कक्षती’ या नावात मेंदूला इजा झाली असल्याचे गृहीत होते. ती इजा दाखविता येईना, तेव्हा १९६० नंतरच्या दशकात ‘अल्प मस्तिष्कविक्रिया’ हे मोघम नाव आले. अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या वर्गीकरण-पुस्तिकेत १९६८ मध्ये ‘बालवयातील अतिचंचल प्रतिक्रिया’ असा उल्लेख आहे. माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये, खरा दोष हालचालींचा नसून अवधान टिकविण्याचा व आवेग रोखण्याचा आहे, असे दाखवून दिले. त्याचा परिणाम म्हणून १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘अवधानन्यूनता विकार’ हे नाव स्वीकारले गेले. १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली. जी मुले दंगा करीत नाहीत, वर्गात मागे शांत बसून खिडकीबाहेर पाहत राहतात, त्यांच्याकडे डग्लस यांच्या कामामुळे वैद्यांचे लक्ष गेले. ‘वांड’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलापेक्षा अशा मुलाची, आणि विशेषतः मुलीची, उपेक्षा अधिक होते.

उत्तेजकांच्या विरोधाभासाचे स्पष्टीकरण १९७० नंतर जेम्स सॅटरफील्ड यांनी लॉस अँजेल्स येथे शोधले. त्यांच्या मते या मुलांचा मेंदू अतिजागृत नसून उलट अर्धवट पेंगुळलेला असतो आणि स्वतःला जागे ठेवण्यासाठीच मूल सतत हालचाल करते. ज्या मुलांच्या आलेखांत मंद तरंग अधिक व त्वचेची विद्युत् संवाहकता कमी, त्यांनाच मिथिलफेनिडेट अधिक लागू पडते, असे त्यांच्या निरीक्षणात आले. ही उपपत्ती आकर्षक असल्याने लोकप्रिय झाली. परंतु १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मुलग्यांना ॲम्फेटामीनची एक मात्रा दिली, तेव्हा त्यांचीही चुळबूळ घटली व अवधान वाढले. विरोधाभास असा नव्हताच. आणि औषध लागू पडले म्हणून विकार सिद्ध झाला, हा व्यवहारात आजही ऐकू येणारा युक्तिवादही त्याबरोबर कोसळला.

तोवर आलेख डोळ्यांनी वाचण्याचे दिवस संपत आले होते. १९६५ मध्ये कूली व ट्यूकी यांनी फूर्ये विश्लेषणाची जलद रीत प्रसिद्ध केल्याने संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक कंप्रतेचा वाटा आकड्यांत काढता येऊ लागला. टेनेसी विद्यापीठातील जोएल लुबार यांनी १९७६ पासून अतिचंचल मुलांना स्वतःचे मस्तिष्कतरंग पडद्यावर दाखवून ते बदलण्यास शिकविण्याचे प्रयोग केले. मांजरांवर बॅरी स्टर्मन यांनी केलेले काम त्यांच्यापुढे होते. थीटा तरंगांच्या शक्तीला बीटा तरंगांच्या शक्तीने भागून येणारे गुणोत्तर हे अवधानन्यूनतेचे माप म्हणून वापरावे, अशी कल्पना लुबार यांनी १९९१ मध्ये मांडली. १९९९ मध्ये मोनास्त्रा व सहकाऱ्यांनी ६ ते ३० वर्षे वयाच्या ४८२ व्यक्तींचा अभ्यास करून, टाळूवरील एकाच विद्युत् अग्रावरून काढलेले हे गुणोत्तर ८६ टक्के रुग्णांना ओळखते व रुग्ण नसलेल्या ९८ टक्के व्यक्तींना वगळते, असे जाहीर केले. साठ वर्षे हुलकावणी देणारी खूण अखेर हाती आली, असे अनेकांना वाटले. १५ जुलै २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गुणोत्तरावर आधारित एका उपकरणाला ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. मात्र ते संपूर्ण वैद्यकीय तपासणीला पूरक म्हणून वापरावयाचे होते, स्वतंत्रपणे नव्हे.

त्याच वर्षी या गुणोत्तराचा पाया डळमळला. मार्टेन आर्न्स, कीथ कॉनर्स व हेलेना क्रेमर यांनी नऊ अभ्यासांतील १,२५३ रुग्ण व ५१७ निरोगी मुले यांची आकडेवारी एकत्र केली. जुन्या अभ्यासांत दोन्ही गटांतील अंतर मोठे होते, पण नव्या अभ्यासांत ते वर्षागणिक कमी होत गेलेले दिसले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रुग्णांचे आकडे खाली आले नव्हते, तर निरोगी मुलांचे वर चढले होते. मुलांची झोप कमी झाली असावी व तंद्रीमुळे थीटा वाढला असावा, असे एक स्पष्टीकरण त्यांनी पुढे केले. ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात ॲडम क्लार्क व रॉबर्ट बॅरी यांनी आधीच दाखविले होते की, रुग्णांतील एका लहान गटात मंद नव्हे, तर बीटा तरंगच अधिक असतात. गुणोत्तराच्या दृष्टीने ही मुले निरोगी ठरतात, पण पालकांच्या दृष्टीने तीच अधिक तापट असतात. बॅरी यांच्या मोजणीत या गुणोत्तराचा जागृतीशी संबंधही आढळला नाही. जागृतीचे माप आल्फा तरंग देत होते. त्यामुळे सॅटरफील्ड यांची उपपत्ती व लुबार यांचे गुणोत्तर ही एकाच साखळीची कडी मानण्याचे कारण उरले नाही. अलीकडे तर असेही दिसून आले आहे की, आलेखाच्या वर्णपटाचा जो उतार कोणत्याही विशिष्ट तालाशी निगडित नसतो, तो वयानुसार बदलतो आणि तेवढ्यानेही गुणोत्तर वरखाली होते.

२०१६ मध्ये अमेरिकन तंत्रिकाविज्ञान अकादमीने उपलब्ध पुरावा तपासून, या कसोटीने ६ ते १५ टक्के मुलांचे चुकीचे निदान होण्याचा धोका असल्याचे सांगितले व प्रमाणित तपासणीऐवजी ती वापरू नये असा सल्ला दिला. ही टक्केवारी वरकरणी लहान वाटते. परंतु सरसकट १,००० शाळकरी मुलांची अशी तपासणी केली आणि त्यांत ५० मुलांना खरोखर विकार आहे असे समजले, तर ८६ टक्के अचूकतेने त्यांपैकी ४३ ओळखली जातील. उरलेल्या ९५० पैकी १० टक्क्यांवर जरी चुकीचा शिक्का बसला, तरी ती मुले ९५ होतात. म्हणजे शिक्का बसलेल्या १३८ मुलांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक मुलांना विकारच नसतो. दवाखान्यात येणारी मुले आधीच निवडलेली असल्याने तेथे प्रमाण इतके वाईट नसते, पण तेथे प्रश्नही वेगळा असतो. मूल मंदबुद्धी आहे, चिंताग्रस्त आहे, त्याला ऐकू कमी येते, झोप पुरत नाही की खरोखर अवधानन्यूनता आहे, हे वैद्याला ठरवावयाचे असते आणि याचे उत्तर एका गुणोत्तरातून मिळत नाही.

आलेखावर आधारित उपचाराचीही अशीच परीक्षा झाली. तरंगप्रशिक्षणाने मुले सुधारतात असे पालक व प्रशिक्षक अनेक वर्षे सांगत होते. परंतु कोणाला कोणता उपचार मिळाला हे ज्यांना ठाऊक नाही अशा व्यक्तींनी मूल्यमापन केले की लाभ आटत असे. अमेरिकेतील एका बहुकेंद्री चाचणीत ७ ते १० वर्षांच्या १४२ मुलांना प्रत्येकी ३८ सत्रे देण्यात आली. एका गटाला स्वतःचे तरंग दाखविले गेले, तर दुसऱ्याला पूर्वी नोंदलेले, म्हणजे बनावट. मुले, पालक, शिक्षक व प्रशिक्षक या कोणालाच कोणते मूल कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील मुलांचे अवधान सारखेच सुधारले होते. नियमित येणे, स्वस्थ बसून एका गोष्टीकडे पाहणे, मोठ्यांचे कौतुक मिळणे यांचा तो परिणाम असावा. अनेक देशांत, भारतातील मोठ्या शहरांतही, असे प्रशिक्षण महागड्या शुल्काने दिले जाते. या चाचणीची माहिती पालकांना तेथे मिळतेच असे नाही.

तथापि अवधानन्यूनतेची शंका असलेल्या मुलाचा आलेख काढूच नये असा याचा अर्थ नव्हे. अनुपस्थिती अपस्मार या प्रकारात मूल काही सेकंद शून्यात पाहते, बोलता बोलता थांबते आणि मग काहीच घडले नाही असे पुन्हा कामाला लागते. दिवसातून असे कितीतरी झटके येतात व शिक्षकांना ते मूल दिवास्वप्ने पाहत आहे असे वाटते. येथे आलेखात सेकंदास ३ या गतीने येणारे शंकू व तरंगांचे जोड स्पष्ट दिसतात. मुलाला दोन-तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यावयास सांगितले, तर ते दवाखान्यातच प्रकट होऊ शकतात. अशा मुलाला एथोसक्सिमाइड वा व्हाल्प्रोइक अम्ल यांसारखे औषध द्यावे लागते. मुलाला हाक मारली किंवा खांद्याला हात लावला असता ते लगेच भानावर येते की नाही, एवढी साधी विचारपूस शिक्षकांकडे केली तरी आलेखाची गरज आहे किंवा नाही हे बहुधा ठरविता येते. [→ अपस्मार].